रिकामे काडतूस आणि जुने माप

'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. मूळ वस्तू म्हणजे कागदाची एक सुरळी. दारू आणि गोळी तीत मोजून बांधायची; वेळ आली की सुरळी फाडून दारू नळीत ओतायची आणि वरून गोळी गजाने ठासायची. १८५७ साली ज्या काडतुसांच्या चरबीवरून शिपाई बिथरले, ती याच जातीची. असे काडतूस एकदा उडाले की संपले. पुढे उडालेल्या काडतुसाचे टरफल मागे उरू लागले आणि ते पुन्हा भरण्याचा उद्योग जन्माला आला. छर्ऱ्याच्या बंदुकीच्या या रिकाम्या टरफलाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. विषय लहान दिसतो खरा. पण पूर्वजांचे हत्यार हाती आले म्हणजे त्यामागचे ज्ञानही आपोआप हाती येते काय, असा एक मोठा प्रश्न त्याच्या पोटात आहे. इतर धंद्यांत या प्रश्नाचे उत्तर चुकले तर फार तर माल वाया जातो. येथे बंदुकीची नळी फुटते.

फ्रान्समध्ये लफोशे नावाच्या कारागिराने १८३० च्या दशकात मागून उघडणारी बंदूक आणि तिचे काडतूस सिद्ध केले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती बंदूक मांडली गेली आणि इंग्रज कारागीर जागे झाले. दहा-पंधरा वर्षांत आजचे काडतूस आकाराला आले: पितळी बूड, बुडाच्या मध्यभागी टोपी, वर कागदाची नळी, तीत दारू, तिच्यावर नमद्याचा डाट, मग छर्रे आणि शेवटी तोंडाशी पुठ्ठ्याची चकती. दुकानातून पुष्कळदा रिकामी टरफलेच आणायची आणि घरी भरायची, अशी वहिवाट पडली. शेफील्डच्या जेम्स डिक्सनसारख्या कारखान्यांनी त्यासाठी हत्यारे बनविली. जुनी टोपी काढून नवी बसविण्याचा चिमटा, दारूचे मापटे, डाट दाबण्याचा दट्ट्या आणि टेबलाच्या कडेला आवळून तोंडाची कड आत वळविणारे हातयंत्र, असा हा संसार होता.

यात सर्वांत साधी वस्तू ते मापटे, आणि सारा घोटाळा पुढे झाला तो त्याच्याचमुळे. काळ्या दारूचे माप ड्रॅममध्ये होई. एक ड्रॅम म्हणजे औंसाचा सोळावा हिस्सा, सुमारे १.७७ ग्रॅम. बारा बोअरच्या बंदुकीला, म्हणजे जिच्या नळीत बसतील अशा बारा गोळ्या एक पौंड शिशाच्या होतात तिला, ३ ड्रॅम दारू आणि १ १/८ औंस छर्रे हा नेहमीचा बार. काळी दारू मोठी क्षमाशील. माप चिमूटभर चुकले तर खांद्याला हिसका अधिक बसे, इतकेच. त्यामुळे तराजू कोणी काढीत नसे. मापटे भरले की काम झाले.

मग बिनधुराची दारू आली. प्रशियाच्या शुल्ट्झने १८६० च्या दशकात लाकडापासून ती केली, १८८४ साली फ्रान्सच्या व्हिएईने आणि १८८७ साली नोबेलने तिचे आणखी जोरकस प्रकार काढले. शुल्ट्झची दारू फुगीर होती. जुन्या मापट्याने घेतली तरी चाले, कारण तेवढ्याच मापात तिचे वजन जवळजवळ निम्मेच भरे. नोबेलची घट्ट दारू मात्र तशी नव्हती. तिचे मापटे भरणे म्हणजे नळीला सोसेल त्याहून कितीतरी अधिक बार भरणे. डब्यावर दोन्हींचे नाव 'बिनधुराची' असेच. मापटे वडिलांच्या हातचे, आणि सवय तर त्याहून जुनी. नळ्या फुटल्या, बोटे गेली. १८९६ साली इंग्लंडच्या बंदूक-परीक्षागृहांनी नव्या दारूसाठी वेगळी कसोटी आणि वेगळा शिक्का सुरू केला, तो याच अनुभवाने. अमेरिकेत कारखान्याच्या काडतुसांच्या खोक्यावर आजही 'अमुक ड्रॅमच्या तोडीचे' असा मजकूर छापलेला आढळतो. आत तितके ड्रॅम दारू नसतेच; काळ्या दारूच्या जुन्या बाराइतका वेग मिळेल, एवढाच त्याचा अर्थ.

ही विद्या घरोघर पोहोचली ती अमेरिकेत. मातीच्या चकत्या हवेत फेकून त्या फोडण्याचा खेळ तेथे बोकाळला. १९२६ साली त्याच्या एका प्रकाराला 'स्कीट' हे नाव मिळाले. एका डावाला २५ काडतुसे लागतात. रोज चार डाव खेळणाऱ्या सामान्य माणसाला विकतचे काडतूस परवडेना. १९५८ साली रिचर्ड ली याने स्वस्त हातसंच काढला, आणि विस्कॉन्सिनमधील मेव्हिल गावच्या 'मेक' कारखान्याची यंत्रे गॅरेजांतून दिसू लागली. दांडा ओढला की जुनी टोपी निघते, बूड आवळले जाते, नवी टोपी बसते. मग दारू, डाट, छर्रे आणि शेवटी तोंडाची घडी. ही यंत्रे ओतीव लोखंडाची आणि पोलादाची, सहसा मोडत नाहीत. धनी थकतो किंवा जातो, आणि यंत्र निम्म्या किमतीत दुसऱ्या नवशिक्याच्या हाती येते. तेथे पुष्कळांचा या छंदात प्रवेश असाच होतो.

अशा यंत्रात काय पाहावे? ते आपल्याच बोअरचे आहे ना, दांडा सरळ चालतो ना, सुटे भाग मिळतात ना, हे तर पाहावेच. पण खरे पाहायचे ते दारू मोजणारे लहानसे नळकांडे. त्यावर क्रमांक असतो, वजन नव्हे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचे मापटेच येथे वेष पालटून बसले आहे! त्यातून पडणारी दारू तराजूत घालून पाहिल्यावाचून त्यावर विश्वासणे, हा ड्रॅमचाच जुना प्रमाद होय.

शिवाय टरफलही बदलले. १९६० साली रेमिंग्टनने प्लास्टिकचे टरफल आणले. नमद्याचा डाट जाऊन प्लास्टिकची वाटी आली. तोंडाची घडी कोठे सहा पाकळ्यांची, कोठे आठ. बाहेरून सारखी दिसणारी दोन टरफले आतून निराळी निघतात आणि त्यांचा बारही निराळा असतो. पाणपक्ष्यांच्या शिकारीत १९९१ पासून अमेरिकेत सर्वत्र शिशाचे छर्रे वर्ज्य झाले; पोलादाचे छर्रे हलके आणि कठीण, त्यांचे गणित अगदी वेगळे. म्हणून यंत्राबरोबर मिळालेली मूळ मालकाची हस्ताक्षरातील टिपणे जपून ठेवावीत, पण त्यांवरून बार भरू नये. प्रमाण घ्यावे ते दारू बनविणाऱ्याच्या चालू पुस्तकातूनच. आणि खुणेची चिठ्ठी गेलेला दारूचा डबा? त्याचा रंग-वास पाहून अंदाज बांधू नये; तो टाकून द्यावा.

आपल्याकडे ही परंपरा रुजली नाही, याचे कारण उघड आहे. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालीच निघाला, पण तो सरकारचा आणि फौजेसाठी. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य माणसाला बंदुकीपासून दूर ठेवले. १९५९ च्या कायद्यानेही दारूगोळा बनविण्यास परवाना आवश्यकच ठरविला आहे. रानावनात ठासणीची बंदूक तेवढी उरली.

तरी या हकीकतीतला बोध आपल्या उपयोगाचा आहे. जुने ते सोने असे आपण म्हणतो. पण सोने झाले तरी सराफ ते कसाला लावतो आणि काट्यावर घालतो. पुडीवर आजोबांनी लिहून ठेवलेला आकडा वाचून तो मोल देत नाही. वारशाने आलेल्या प्रत्येक यंत्राला, आणि यंत्रालाच का, नियमाला व रूढीलाही, तीच रीत लावावी असे आम्हांस वाटते.