अंकुशापासून निरंकुशापर्यंत

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात अंकुशनगर आहे. इथला समर्थ सहकारी साखर कारखाना अंकुशराव टोपे यांच्या नावाने ओळखला जातो. १९९१मध्ये ते जालन्याचे खासदार झाले होते. माणसाच्या नावातला हा शब्द मात्र मुळात माहुताच्या हातातला.

अंकुश म्हणजे टोक आणि आकडा असलेली आखूड दांडी. एवढ्याशा लोखंडाने अजस्र हत्ती वळतो. गणपतीच्या हातातही पाशासोबत तो असतो. तुकोबांनी लहानपण मागताना थोरवीच्या वाट्याला येणारा अंकुशाचा मार आठवला, तो उगाच नव्हे.

राजकारणात शिरताना या शब्दाने गंमत केली. अंकुश हे सत्तेचे साधन. पण मराठीत शिवी ठरली ती ‘निरंकुश सत्ता’. म्हणजे राजा इथे माहूत नाही, हत्ती आहे!

अशी सत्ता जालन्याच्या परिसरानेही पाहिली; तो पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे अखेरचा शब्द निजामाचा. १७ सप्टेंबर १९४८ला ती राजवट संपली.

सहकारात माहूत बदलला. कायद्याने सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच. संचालक मंडळाला वार्षिक सभेत हिशेब मांडावा लागतो. प्रत्यक्षात दांडी कुणाच्या हाती असते, हे कारखान्यागणिक वेगळे. वर्तमानपत्रांनी तर अंकुश महागाईवर, खर्चावर, अगदी भटक्या कुत्र्यांवरही ‘ठेवायला’ लावला आहे.