‘राजपूत’ विनाशिका व ‘गाझी’ पाणबुडीचा शेवट

ता. ३ डिसेंबर १९७१ ची मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला असतां विशाखापट्टणमच्या बंदराबाहेर समुद्रांत प्रचंड स्फोट झाला. किनाऱ्याकडील घरांचीं तावदानें हादरलीं. पंतप्रधानांचें भाषण ऐकण्याकरितां रेडिओपाशीं जागत बसलेले लोक भूकंप झाला असें समजून बाहेर आले. पुढें त्या बाजूस समुद्रतळाशीं पाकिस्तानच्या ‘गाझी’ पाणबुडीचें कलेवर सांपडलें. तिजवरील नव्वदांहून अधिक माणसांपैकीं एकही वांचला नव्हता. ‘राजपूत’ या भारतीय विनाशिकेनें ‘गाझी’ बुडविली, असें तेव्हांपासून ठरून गेलें. आम्हीही शाळेंत इतिहास शिकवितांना हें वाक्य वर्षानुवर्षें निःशंकपणें उच्चारीत आलों. निवृत्तीनंतर निरनिराळे वृत्तांत शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्यास सवड मिळाली, तेव्हां वाटूं लागलें कीं, या वाक्यांत ‘राजपूत’ला जें द्यावयाचें तें दिलेलें नाहीं, आणि जें देण्यास पुरेसा आधार नाहीं तें मात्र देऊन टाकलें आहे.

प्रथम नौकेची हकीकत. ‘राजपूत’चें मूळ नांव ‘रॉदरहॅम’. स्कॉटलंडांत क्लाइडबँक येथील जॉन ब्राउन यांच्या गोदींत ती बांधली गेली. ता. २१ मार्च १९४२ रोजीं तिला पाण्यांत लोटलें व त्याच वर्षाच्या ऑगस्टांत ती ब्रिटिश आरमारांत रुजू झाली. ४·७ इंची तोफा चार, टॉर्पेडो सोडण्याच्या नळ्या आठ, आणि पाणबुडींवर टाकावयाचे ‘डेप्थ चार्ज’, म्हणजे ठराविक खोलीवर गेल्यावर फुटणारीं दारूचीं पिंपें, असा तिचा सरंजाम होता. या वर्गाच्या नौकांत अधिकाऱ्यांचीं राहण्याचीं ठिकाणें पिछाडीकडून पुढें आणलीं होतीं. बदल क्षुल्लक वाटतो. परंतु वादळांत लाटांनीं धुतला जाणारा डेक ओलांडून ज्यांना पहाऱ्यावर जावें लागे त्यांस तो क्षुल्लक वाटला नसेल.

‘विनाशिका’ हा शब्द नवा असला तरी त्याची घडण शुद्ध आहे. ‘विनाशक’ शब्दास स्त्रीप्रत्यय लागतांना ककारापूर्वींच्या अकाराचा इकार होतो, हें पाणिनीनें सातव्या अध्यायांत सांगितलेंच आहे. शब्द उग्र आहे खरा. पण या नौकांचें नित्याचें काम विनाशाचें नसून रखवालीचें असतें. मोठ्या, मोलाच्या जहाजांभोंवतीं कडें करून राहावें आणि पाण्याखालून येणारा घाव त्यांजवर येऊं देऊं नये, हा त्यांचा धर्म. ‘रॉदरहॅम’नें पहिल्या युद्धांत तोच पाळला. एप्रिल १९४४ मध्यें ब्रिटिश पौर्वात्य आरमारानें सुमात्राच्या टोंकाजवळील सबांग बंदरावर हल्ला चढविला, तेव्हां ‘क्वीन एलिझाबेथ’, ‘व्हॅलियंट’ व फ्रेंचांची ‘रिशल्यू’ या बड्या युद्धनौकांच्या रक्षकांत ती होती. सप्टेंबर १९४५ मध्यें सिंगापूर इंग्रजांच्या हातीं परत आलें त्या वेळींही ती तेथें होती.

ता. २७ जुलै १९४९ रोजीं ती भारताच्या ताब्यांत आली व तिचें नांव ‘राजपूत’ झालें. तिच्याच वर्गांतील ‘रेडाउट’ व ‘रेडर’ या नौका अनुक्रमें ‘रणजित’ व ‘राणा’ झाल्या. ‘र’काराचें अनुसंधान कोणा रसिकानें राखलें असावें.

आतां १९७१ कडे वळूं. ‘राजपूत’ तोंवर एकोणतीस वर्षांची झाली होती आणि युद्धनौकेच्या आयुष्यांत हें वार्धक्यच होय. पूर्व किनाऱ्यावरील खरें मोलाचें जहाज म्हणजे ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका. तिच्या चार बाष्पकांपैकीं एकास तडे गेल्यामुळें तिचा वेग मंदावला होता. पाकिस्तानापाशीं कराचीहून निघून बंगालच्या उपसागरापर्यंत मजल मारूं शकेल अशी पाणबुडी एकच, ती ‘गाझी’. हीही मूळची परकी. अमेरिकेची ‘डायाब्लो’, १९६४ सालीं पाकिस्तानास मिळालेली. कमांडर झफर महंमद खान यांच्या हाताखालीं तिनें ता. १४ नोव्हेंबर रोजीं कराची सोडली. ‘विक्रांत’ला गांठणें आणि विशाखापट्टणमच्या तोंडाशीं सुरुंग पेरणें अशीं दोन कामें तिजकडे होतीं.

पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन् यांनीं ‘विक्रांत’ला अंदमानाकडे नेऊन लपविलें, आणि ती विशाखापट्टणमच्याच आसपास आहे असा देखावा उभा केला. त्यांनीं आपल्या आठवणींच्या पुस्तकांत (१९८०) हा देखावा सविस्तर वर्णिला आहे. बंदर सोडून कांहीं अंतरावर ‘राजपूत’नें ‘विक्रांत’चें सोंग घ्यावें व विमानवाहू नौकेस शोभेल इतकी बिनतारी संदेशांची वर्दळ करावी, गांवांतील कंत्राटदारांकडे हजार माणसांच्या पोटास पुरेल एवढा शिधा मागवावा, मद्रासला ‘विक्रांत’ येत असल्याचें कळवावें, आणि एक साधी, उघडी तार जाऊं द्यावी, जिच्यांत ‘विक्रांत’वरील म्हणून एक खलाशी आपल्या आजारी आईची खुशाली विचारतो आहे. या तारेचें आम्हांस फार कौतुक वाटतें. मुद्राराक्षसांत चाणक्याचें एक पत्र व एक मुद्रा जें काम करतात, तेंच काम येथें एका आजारी आईनें केलें. ती आई मात्र अस्तित्वांतच नव्हती.

या सोंगाचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावयास हवा. ‘विक्रांत’वर येणारा टॉर्पेडो आपणांवर यावा म्हणून एक जुनी नौका पुढें करण्यांत आली होती. सोंग साधलें असतें तर घाव तिलाच बसावयाचा होता. तिजवरील नौसैनिकांच्या धैर्याचें माप येथें घ्यावें. पण पाठ्यपुस्तकांस स्फोट आवडतो.

ता. ३ रोजीं संध्याकाळीं पाकिस्तानी विमानांचे हल्ले होऊन युद्धास तोंड लागलें. लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांच्या हुकुमतींतील ‘राजपूत’ तेल भरून मध्यरात्रीच्या सुमारास बाहेर पडली. बंदराचा पायलट उतरून गेल्यावर, पाणबुडी असलीच तर ती याच तोंडाशीं दबा धरून असणार, हें ओळखून कप्तानांनीं वेग वाढविला. इतक्यांत टेहळ्यानें उजव्या अंगास पाणी ढवळल्याचें सांगितलें. त्या जागीं दोन डेप्थ चार्ज टाकण्यांत आले. पृष्ठभागावर कांहींच न दिसल्यामुळें नौका आपल्या मार्गानें निघून गेली. कृष्णन् यांच्या म्हणण्याप्रमाणें मोठा स्फोट झाला तो यानंतर थोड्या वेळानें. आणि पाणबुडींत मिळालेलें घड्याळही जवळजवळ त्याच वेळेस थांबलेलें होतें.

याविरुद्ध दोन साक्षी आहेत. पूर्व सेनाविभागाचे त्या वेळचे चीफ ऑफ स्टाफ जनरल जेकब यांनीं आपल्या पुस्तकांत (१९९७) म्हटलें आहे कीं, ‘गाझी’ सुरुंग पेरीत असतां १ किंवा २ डिसेंबरलाच आपोआप फुटली आणि तिचे अवशेष कोळ्यांस सांपडले. पाकिस्तानी वृत्तांतही ती स्वतःच्याच सुरुंगावर गेली असावी किंवा आंतल्या आंत स्फोट झाला असावा असें मानतात.

साक्षी तोलतांना साक्षीदार पाहावा लागतो. कृष्णन् स्वतःच्या योजनेचें वर्णन करीत आहेत. जेकब भूसेनेचे, कलकत्त्यास बसलेले, व पंचवीस वर्षांनंतर लिहिणारे. पाकिस्तानच्या बाजूचा एकही प्रत्यक्षदर्शी उरला नाहीं. राहिलें घड्याळ. तें निष्पक्षपाती खरें, परंतु थांबलेलें घड्याळ वेळ सांगतें, तारीख सांगत नाहीं. शिवाय पाकिस्तानची प्रमाणवेळ आपल्याहून अर्धा तास मागें होती व पूर्व पाकिस्तानची अर्धा तास पुढें. तेव्हां पाणबुडीचें घड्याळ आपल्या वेळेशीं जुळलें, तर तें कोणत्या वेळेवर लावलेलें होतें हेंही सांगावयास हवें. पाणबुड्यांनीं पाहिलेली पुढील भागाची मोडतोडही आंतून झालेल्या स्फोटाकडे अधिक झुकते. मात्र डेप्थ चार्जच्या हादऱ्यानें आंतील सुरुंग वा टॉर्पेडो पेटले नसतील असें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

काकतालीय न्याय प्रसिद्ध आहे. कावळा बसावयास व ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली, म्हणून फळ कावळ्यानें पाडलें असें होत नाहीं. पण कावळा बसलाच नव्हता असेंही त्या न्यायावरून निघत नाहीं, ही गोष्ट शंका घेणारे विसरतात. आमच्या मतें पुस्तकांतील वाक्य असें असावें: ‘राजपूत विक्रांतच्या ऐवजीं पुढें झाली, गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशीं नष्ट झाली, ती राजपूतच्या माऱ्यानें कीं स्वतःच्या स्फोटकांनीं, याविषयीं मतभेद आहे.’ सोंगास भुलून ‘गाझी’ तेथें आली कीं सुरुंग पेरण्याच्या आज्ञेमुळें, हेंही याच मतभेदांत मोडतें. ‘विक्रांत’ मात्र सुरक्षित राहिली, आणि ता. ४ पासून तिच्या विमानांनीं कॉक्स बझार व चितगांव येथें हल्ले केले.

‘राजपूत’ १९७६ सालीं मोडीत निघाली. तिचें नांव पुढें १९८० सालीं सोव्हिएट संघांत बांधलेल्या नव्या विनाशिकेस देण्यांत आलें, ती ता. २१ मे २०२१ रोजीं विशाखापट्टणम येथेंच सेवेंतून निवृत्त झाली.