गोल करून कशाला बसायचं?

आम्ही संग्रामपूर तालुक्यात बचत गटांचं काम करतो. नवीन गट झाला की पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारतंच, "ताई, गोल करूनच कायले बसा लागते? तुम्ही सांगा, आम्ही ऐकतो." या प्रश्नाचं उत्तर आम्हाला १९५६ सालच्या एका प्रयोगात सापडलं.

त्या वर्षाच्या सुरुवातीला आपला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता. नोव्हेंबरमध्ये तो मुंबई राज्यात आला. पुणे आधीपासूनच मुंबई राज्यात. खेड्यात घरोघरी रेडिओ नव्हते, गावात मिळून एखादा असायचा. त्यावर शेतीची माहिती लागायची. लोक ऐकायचे, धोतर झटकून उठायचे आणि घरी जायचे. त्यातलं डोक्यात किती राहिलं, हे रेडिओवाल्यांना कळायला मार्ग नव्हता.

मग युनेस्कोच्या मदतीने पुणे रेडिओ केंद्राने एक वेगळी गोष्ट करून पाहिली. मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं मंडळ केलं. फेब्रुवारी ते एप्रिल, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम झाले. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावच्या कामांचे. कार्यक्रम संपला की उठायचं नाही. ऐकलेल्यावर बोलायचं, भांडायचं असेल तर भांडायचं, आणि काय ठरलं ते लिहून पुण्याला पाठवायचं. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत मिळत. ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्याचं ब्रीद होतं. मूळ कल्पना कॅनडाच्या शेतकऱ्यांची. तिथे असे गट १९४१ पासून चालत होते.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत तेव्हा पॉल न्यूराथ नावाचे अभ्यासक होते. त्यांनी हा प्रयोग तपासला. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं, अशा तिन्ही ठिकाणी आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माहिती भरपूर वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारच थोडी. आम्हाला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. रेडिओ त्या गावांतही होता. बसून बोलणं तेवढं नव्हतं.

संवादशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या पानावर एक आकृती असते: सांगणारा, निरोप, वाट, ऐकणारा आणि मधला गोंगाट. ती क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या लेखातून आली. पण शॅनन टेलिफोन कंपनीत काम करायचे. त्यांना तारेतून निरोप धड पोहोचण्याची काळजी होती, त्याच्या अर्थाची नाही. माणसांचं काम त्या आकृतीत मावत नाही. पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९४० च्या अमेरिकेतल्या निवडणुकीचा अभ्यास केला, तेव्हा रेडिओ-वर्तमानपत्रापेक्षा ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचं वजन जास्त दिसलं. न्यूराथ यांनी न्यूयॉर्कमध्ये याच लाझार्सफेल्ड यांच्यासोबत काम केलेलं होतं.

आता आपल्याकडचं बघा. आपला खारपाण पट्टा. किडनीच्या दुखण्याने खचलेली घरं आपल्या गावांतून आहेत. आणि "पाणी उकळून प्या" हा निरोप तर सगळीकडून येतो, रेडिओवरून, भिंतीवरून, मोबाईलच्या ग्रुपवरून. निरोप चुकीचा नाही, उकळल्याने रोगजंतू मरतात. पण क्षार जात नाहीत. उलट पाणी आटतं, तेवढा खारेपणा वाढतो. नुसतं ऐकणारी बाई खारं पाणी सरपण जाळून उकळते आणि निश्चिंत होते. गोलात बसलेली विचारते, "उकयल्यावर खारेपण जाते काय?" हा एक प्रश्न आला की सांगणाऱ्यालाही पुढे बोलावं लागतं: पाणी तपासायचं कुठे, गोडं पाणी कुठून आणायचं, नळाचं कधी येतं.

१९५६ च्या त्या मंडळांत बसणारे बहुतेक पुरुष होते. पाणी भरणाऱ्या, चूल पेटवणाऱ्या बाया त्या गोलाबाहेर. १९५९ पासून ही मंडळं देशभर काढली, तरी ही उणीव तशीच चालत राहिली. प्रयोगाचं कौतुक करताना आम्हाला हे खटकतंच. गटाची सतरंजी पसरली की बायांचा गोल होतो खरा, पण तिथेही अध्यक्ष-सचिवच बोलतात आणि मागच्या चौघी-पाचजणी नुसत्या सह्या करून जातात, हे आम्ही कितीदा पाहतो.

तर हे भाषण गटात बसून ऐकत असाल, तर आता रेडिओ बारीक करा. घरात प्यायचं पाणी कुठून येतं, ते प्रत्येकीला विचारा. सुरुवात जी कधीच बोलत नाही तिच्यापासून करा. जे प्रश्न निघतील ते सचिवताईंनी इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवावेत आणि आमच्याकडे पाठवावेत. पुढच्या भागात तेच घेऊ.