हादग्याच्या गाण्यातली करंजी आणि कारलं



दशलक्षण पर्व संपतं, क्षमावणी होते आणि थोड्याच दिवसांत, साधारण २७ सप्टेंबरच्या सुमारास, सूर्य हस्त नक्षत्रात जातो. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे तेव्हापासून सोळा दिवस हादगा. पुण्याकडे यालाच भोंडला म्हणतात आणि विदर्भ-खानदेशातली भुलाबाई ही याचीच बहीण. हत्तीचं चित्र मांडायचं, फुलाफळांच्या माळा घालायच्या, फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा.

मराठीत मुलांसाठी छापलेलं वाङ्मय फार जुनं नाही. वा. गो. आपट्यांनी ‘आनंद’ मासिक १९०६ साली सुरू केलं. मुलींची गाणी मात्र आजीकडून नातीकडे तोंडानंच येत राहिली. ती कोणी रचली हे कुणालाच ठाऊक नाही. आपल्याच मुलखातल्या बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे अशी गाणी गोळा करून छापली, म्हणून पुष्कळशी टिकली.

या गाण्यांत खाण्याचे पदार्थ भरपूर आहेत. वेड्या नवऱ्याचं गाणं आठवा. बायकोनं केलेल्या करंज्या तो होड्या समजून पाण्यात सोडतो, लाडू चेंडू समजून खेळायला घेतो. मुली हसून लोळतात. पण मला महत्त्वाची वाटतात ती दुसरी दोन गाणी.

एक चिकणमातीचं. त्यात आधी खळगा खणायचा, त्यात जातं रोवायचं, रवा-पिठी दळायची, करंज्या करायच्या, त्या तबकात ठेवून शेल्यानं झाकायच्या आणि पालखीतून माहेरी पाठवायच्या. आधीच्या ओळीतला शब्द धरून पुढची ओळ सुरू होते, त्यामुळे पाच वर्षांच्या मुलीलाही क्रम पाठ होतो. करंजीची चव कशी होती हे गाणं सांगत नाही, ती कशाकशातून तयार झाली हे सांगतं.

आपल्या घरांत तर जात्याला आणखी एक कारण होतं. दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. हस्ताचा पाऊस चालू असताना महिन्याचं पीठ दळून ठेवायची सोयच नव्हती. गहू निवडायचे, शोधायचे, ओलवून फडक्यात बांधून ठेवायचे, दळायचे, वस्त्रगाळ करून सपीट काढायचं, तेव्हा कुठे करंजीची पारी लाटायची. आज पीठ पिशवीतून येतं. मुलींना गाण्यातलं जातं समजावून सांगावं लागतं, आणि ते सांगताना मर्यादेचा नियमही आपोआप सांगून होतो.

दुसरं गाणं कारल्याचं. सून माहेरी जाऊ का विचारते. सासू म्हणते, कारल्याचं बी पेर, मग जा. बी पेरलं, तर वेल येऊ दे. वेल आला, तर फूल येऊ दे. मग कारलं लागू दे, भाजी होऊ दे. भाजीचा पूर्ण प्रवास मुलीला समजतो, पण त्या प्रत्येक टप्प्यावर सुनेचं जाणं लांबतं. भाजी कडू कशामुळे, हे मुलींना वेगळं सांगावं लागत नसे.

हल्ली काही आया म्हणतात, सासुरवासाची गाणी मुलींना कशाला शिकवायची? करंज्या-लाडवांची तेवढी ठेवावीत. त्यांची काळजी मला समजते, पण पटत नाही. ही गाणी म्हणणाऱ्या मुली आठ-दहा वर्षांच्या असत आणि त्या वयात त्यांची लग्नं होत. ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा झाला १९२९ साली, आणि त्यानंही मुलीचं लग्नाचं वय चौदाच धरलं. घरात जे मोठ्यानं बोलता येत नव्हतं ते फेरात सगळ्यांसमोर गाता येत होतं. ते गाळून नुसते पदार्थ ठेवले, तर राबणारे हात पुसून फक्त ताट दाखवल्यासारखं होईल. गाणं पूर्ण शिकवावं आणि शेजारी बसून सांगावं की हे असं होतं, आता असू नये. दुसऱ्याचं मन दुखावणं हीसुद्धा हिंसाच, हे समजवायला कारल्याच्या गाण्याइतकं सोपं साधन नाही.

आता खिरापत. झाकलेला डबा हलवायचा, आवाजावरून ओळखायचं: गोड की तिखट, कोरडं की ओलं? ओळखताना मुली पदार्थांची सगळी नावं घेतात, तोच त्यांचा पाकशास्त्राचा पहिला धडा. आपल्या घरची खिरापत चातुर्मासातली, म्हणून कांदा-लसूण, बटाटा नाही, पालेभाजीही नाही. तरी चुरमुऱ्याचं बिनलसणाचं भडंग, फुटाणे-गूळ, खोबरं-साखर, वाटली डाळ, राजगिऱ्याचे लाडू असं किती निघतं! फक्त फेर लवकर धरावा, म्हणजे दिवस मावळायच्या आत खाऊन होतं.

हादगा आपल्या आगमातला नाही, शेतीच्या मुलखातला आहे. तरी हत्ती आणि सोळा हे आकडे-चित्र आपल्या मुलींना परकं वाटू नये. तीर्थंकरांच्या मातेला पडलेल्या सोळा स्वप्नांत पहिला ऐरावत हत्तीच आहे, आणि भाद्रपदात आपण सोळाकारण भावनांचं व्रत करतोच. हा योगायोगच म्हणा, पण मुलींना सोळा स्वप्नं पाठ करून घ्यायला हे दिवस चांगले.

यंदा एवढं करा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला तिच्या वेळची गाणी म्हणायला सांगा आणि वहीत उतरवून घ्या. प्रत्येक गाण्याखाली त्या दिवशीची खिरापतही लिहा, मापासकट. छापील पुस्तकात गाणी सापडतील, पण तुमच्या घरात वाटल्या डाळीला किती मिरच्या लागत होत्या ते सापडणार नाही.