आष्टा : शहर वाहतूक, पादचारी सुरक्षा आणि नगरपरिषदेचे उपविधी

नगरपरिषदेचे सदस्य सर्वसाधारण सभेत चर्चा करून आपल्या हद्दीतील रस्ते, पदपथ, वाहनतळ, बाजार व दिवाबत्ती यांच्याबाबत जे स्थानिक नियम करतात त्यांना उपविधी म्हणतात. महाराष्ट्रात त्यांचा आधार ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ हा आहे. मसुदा प्रसिद्ध करणे, हरकती व सूचना मागवणे, सभेत ठराव करणे आणि मग शासनस्तरावरची मंजुरी मिळवणे, असा त्यांचा प्रवास असतो. पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षेला हात घालणारे उपविधी हा या अधिकाराचा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरला गेलेला भाग आहे. लहान शहराच्या बाबतीत तो समजून घ्यायचा तर सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील आष्टा हे चांगले उदाहरण ठरते.

पूर्वपीठिका : आष्टा हे मोठ्या वस्तीचे जुने शेतीप्रधान गाव. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर पाचच वर्षांत, १८५३ साली, येथे नगरपालिका स्थापन झाली. त्या वेळी आष्टा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३७,१०५ होती. ४० हजारांपर्यंत लोकसंख्या असलेली नगरपरिषद ‘क’ वर्गात मोडते, आणि या वर्गाचे उत्पन्न व कर्मचारीवर्ग दोन्ही तुटपुंजे असतात. वाहतूक आराखडा करणारा स्वतंत्र अभियंता अशा नगरपरिषदेकडे नसतो. पाणी, गटार, घरपट्टी आणि रस्ते यांचाच भार त्याच त्या माणसांवर पडतो.

आष्ट्याची अडचण त्याच्या जागेतून येते. पुणे–बंगळूर महामार्गावरच्या पेठ नाक्यापासून इस्लामपूरमार्गे (आताचे ईश्वरपूर) सांगलीला जाणारा सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता आष्ट्यावरून जातो. सांगली येथून साधारण २० किलोमीटर आहे. बागणी, गोटखिंडी, मिरजवाडी, वाळवा, तुंग अशा आसपासच्या गावांची माणसे बाजार, दवाखाना, शाळा-कॉलेज आणि एस.टी. यांसाठी आष्ट्यात येतात. अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९९ पासून येथे आहे, त्यामुळे तरुण मुलामुलींची वर्दळ बारमाही असते. गळीत हंगाम सुरू झाला की उसाची वाहने येतात. साखराळ्याचा राजारामबापू पाटील कारखाना, वाळव्याचा हुतात्मा किसन अहिर कारखाना आणि आष्ट्यालगत कारंदवाडी येथील कारखाना हे सगळे याच परिसरात आहेत. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर हिवाळ्याच्या रात्री रस्त्यावर असतात. वाहनाच्या मागे रिफ्लेक्टर असणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे, पण ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांमागे तो झाकला गेला की त्याचा उपयोग उरत नाही. याखेरीज आठवडी बाजार आणि चौंडेश्वरीचा भावई उत्सव असतोच. उत्सवात रस्ता माणसांचा होतो आणि एरवी तोच रस्ता वाहनांचा असतो, ही गोष्ट येथील कोणाही रहिवाशाला सांगावी लागत नाही.

अधिकारांची वाटणी : नगरपरिषदेतील वाहतुकीवरच्या चर्चेचा बराच वेळ सभेच्या हातात नसलेल्या गोष्टींवर जातो. जड वाहनांना दिवसा बंदी, एकेरी मार्ग, वेगमर्यादा, चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांवर दंड या मागण्या विषयपत्रिकेवर येतात, सूचक-अनुमोदक मिळतात, एकमताने ठराव होतो आणि तो शिफारस म्हणून वर जातो. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने (१९९२, अंमल १ जून १९९३) बाराव्या अनुसूचीत १८ विषय नागरी संस्थांसाठी नमूद केले. त्यांत रस्ते व पूल आहेत, रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ व बसथांबे आहेत, कोंडवाडेही आहेत. वाहतूक नियंत्रण त्यांत नाही. ते मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली राज्य शासनाकडे व शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांकडे राहिले. कलम ११२ वेगमर्यादेचे, ११५ वाहनांना मनाई करण्याचे, ११६ वाहतूक चिन्हांचे आणि ११७ वाहने उभी करण्याच्या जागांचे आहे. यांपैकी ११७ मध्ये मात्र स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करण्याची अट आहे, आणि नगरपरिषदेने हा दरवाजा सोडू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली रस्त्यावरील वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार पोलीस आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहे. म्हणजे आष्ट्याच्या एखाद्या चौकात अवजड वाहनांना सकाळी मनाई करायची तर अधिसूचना सांगलीहून निघते.

मुख्य रस्त्याची मालकी हा आणखी एक पेच आहे. पेठ–सांगली रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला, त्याच्या चौपदरीकरणाचे काम हाती घेतले गेले आणि त्याबरोबर त्यावरचा नगरपरिषदेचा उरलासुरला अधिकारही गेला. लोकांची पहिली मागणी गतिरोधकाची असते. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक घालू नयेत असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे धोरण आहे, त्यामुळे अशा ठरावाला नकारच येणार हे आधीच माहीत असते. आपल्या अखत्यारीतल्या रस्त्यावर गतिरोधक घालायचा झाला तरी तो भारतीय रस्ते महासभेच्या मानकाप्रमाणे (आयआरसी ९९) हवा. उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, आधी फलक आणि वर पांढरे पट्टे. गल्लोगल्ली रातोरात उभे राहणारे अरुंद, उंच उंचवटे दुचाकीवर मागे बसलेल्या बाईला आणि रिक्षातल्या गरोदर स्त्रीला इजा करतात. ते सुरक्षेच्या नावाने केलेले नवे संकट आहे.

वेगाचे गणित : केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे नगरपालिका हद्दीतील रस्त्यावर मोटारीची कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर आणि मोटारसायकलची ६० आहे. राज्य शासन किंवा त्याने नेमलेला प्राधिकारी ती कमी करू शकतो; कोणी कमी केली नाही तर भरवस्तीतही तीच लागू राहते. साधारण माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो. ७ मीटरचा दुपदरी रस्ता ओलांडायला त्याला सुमारे ६ सेकंद लागतात. तेवढ्यात ७० च्या वेगाची मोटार ११० मीटरहून अधिक अंतर कापते, तर ३० च्या वेगाची ५० मीटरच्या आत राहते. गुडघे धरलेल्या म्हातारीला तोच रस्ता ओलांडायला ९ सेकंद लागतात, आणि मग मोटार दीडशे मीटरच्या पलीकडे असली तरी ती सुरक्षित नसते. एवढ्या लांबून वेगाचा अंदाज करणे कोणत्याही डोळ्यांना कठीण आहे, संध्याकाळी समोरच्या दिव्यांच्या झोतात तर फारच. ‘बघून रस्ता ओलांडा’ हा उपदेश म्हणूनच अपुरा आहे. जागतिक आरोग्य संघटना वस्तीच्या रस्त्यांसाठी ताशी ३० किलोमीटरची शिफारस करते, ती याच गणितावर.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दर पाच मृतांमागे जवळपास एक. महाराष्ट्रातील एकूण मृत्यू १५,२२४ होते. पायी चालणाऱ्याचा विमा नसतो, संघटना नसते, सभागृहात त्याच्या वतीने बोलणारा ठरलेला माणूसही नसतो. रिक्षावाले, व्यापारी आणि ट्रॅक्टरमालक यांची निवेदने मात्र वेळेवर येतात. त्यांचे म्हणणे खोटे नसते. तराजूचे दुसरे पारडे रिकामे राहते, हा दोष आहे.

नगरपरिषदेच्या हातातले : १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची कर्तव्ये दिली आहेत. सार्वजनिक रस्ते बांधणे व सुस्थितीत ठेवणे, त्यांवर दिवाबत्ती करणे, रस्त्यांवरील अडथळे व पुढे आलेली बांधकामे हटवणे ही त्यांतली सक्तीची कामे आहेत. वाहन तिच्या हातात नसले तरी जमीन आहे, आणि पायी चालणाऱ्याचा जीव बहुतेक वेळा जमिनीवरच अवलंबून असतो. आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची १५ सेंटिमीटरपर्यंत हवी. आष्ट्यासारख्या गावातल्या जुन्या पेठेत ही रुंदी मिळत नाही, हे खरे. पण नवीन वसाहतींचे रेखांकन मंजूर होताना, गटारे बंदिस्त करताना आणि पाइपलाइनसाठी रस्ता खोदून पुन्हा करताना ती मिळू शकते. झाकण नसलेले गटार, दुकानापुढचा वाढवलेला कट्टा, रस्त्यात आलेला जिना, विजेचा खांब, उभा केलेला जाहिरात फलक यांतला प्रत्येक अडथळा पादचाऱ्याला डांबरावर ढकलतो. मोकाट जनावरांसाठी कोंडवाडा चालवणे हेही नगरपरिषदेचेच काम आहे.

बाजाराचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. भाजी घेऊन येणारी शेतकरी बाई रस्त्याच्या कडेला बसते ती हौसेने नव्हे. गिऱ्हाईक जिथून जाते तिथेच माल विकला जातो. नगरपालिका आठवडी बाजारात बसणाऱ्यांकडून जागेची वसुली करतात आणि पुढच्या आठवड्यात त्यांनाच अतिक्रमण ठरवतात, असे अनेक गावांत घडते. पथविक्रेता अधिनियम, २०१४ ने यावर मार्ग दिला आहे : नगर पथविक्रेता समिती, तीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि विक्रीक्षेत्रांची आखणी. विक्रेत्यांना जागा आखून देणारा आणि त्याच वेळी चालण्याची पट्टी मोकळी ठेवणारा उपविधी दोघांचाही असतो. मुंबई महापालिकेविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि पदपथ चालण्यासाठी असतात हेही सांगितले. या निकालाची दोन्ही वाक्ये सभेत एकत्र वाचली गेली पाहिजेत.

राज्यातील इतर उदाहरणे : पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. मार्च २०१८ मध्ये तेथील सर्वसाधारण सभेत वाहनतळ धोरणावर मोठा वाद झाला. प्रशासनाने शहरभर शुल्क प्रस्तावित केले होते. सभेने ते पाच रस्त्यांपुरते आणि प्रायोगिक केले, आणि पुढे अंमलबजावणीही रखडली. तेथे २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो आणि लक्ष्मी रस्ता काही तासांसाठी वाहनांना बंद ठेवला जातो. वर्षातल्या एका दिवसाने अपघात थांबत नाहीत, पण रस्ता मोकळा झाल्यावर दुकाने ओस पडत नाहीत हे व्यापाऱ्यांना प्रत्यक्ष दिसते, आणि त्याचे मोल आहे. माथेरान ही तर आष्ट्याहूनही लहान नगरपरिषद, जिच्या गावात मोटारींना पूर्वापार मनाई आहे. २००३ मध्ये केंद्राने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या मागणीवरून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ई-रिक्षांच्या प्रयोगाला परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये माणसाने माणसाला ओढण्याची पद्धत सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश दिला. रस्त्यावर कोण चालणार, कशावर चालणार आणि रस्त्याला फरशी कोणती असणार या साध्या प्रश्नांवर एवढ्या लहान गावात किती खोल वाद होऊ शकतो, हे तेथे दिसले.

सद्यःस्थिती : सांगली जिल्ह्यातील नगरपालिकांसह राज्यातील बहुतेक नागरी संस्थांचा कारभार मुदत संपल्यानंतर कित्येक वर्षे प्रशासकांकडे होता. त्या काळात ठराव झाले, पण त्यांवर प्रश्न विचारणारे निवडून आलेले सदस्य नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी, ७ ऑक्टोबर २०२५ रोजी, एस. राजसीकरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३८(१अ) व २१०ड खाली पादचारी आणि रस्तारचना यांविषयीचे नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितले. मे २०२५ मध्ये याच खटल्यात पदपथ वापरण्याचा हक्क अनुच्छेद २१ शी जोडला गेला होता. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८अ सदोष रस्तारचनेसाठी ठेकेदार व प्राधिकरण यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र ठरवते. महामार्गाच्या कामात शहरातून जाणाऱ्या टप्प्यावर ओलांडण्याच्या जागा, मधला दुभाजक आणि दिवे कसे असावेत हे नगरपरिषदेने लेखी कळवणे, आणि त्याची प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला देणे, हा या कलमाचा चांगला उपयोग ठरेल. अपघातानंतर दिलेल्या निवेदनापेक्षा काम चालू असताना दिलेले पत्र जास्त कामाचे असते.

नगरपरिषदेची साधारण सभा दोन महिन्यांतून एकदा व्हावी लागते आणि ती लोकांना खुली असते. उपविधीच्या मसुद्यावर कोणताही रहिवासी लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो. शाळेसमोरच्या रस्त्यावर दिवा लावणे, उघड्या गटारावर झाकण घालणे, विक्रीक्षेत्र आखणे आणि चालण्याची पट्टी मोकळी ठेवणे यांपैकी नगरपरिषदेच्या मालकीच्या रस्त्यावरील एकाही कामासाठी सांगलीच्या अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. आष्टेकरांनी पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ही चार कामे आणावीत.