जेंताक, वाफेची पेटी आणि माझा स्टेंट



गेल्या महिन्यात पुण्याला नातवाकडे राहून आलो. त्यांच्या नव्या सोसायटीत व्यायामशाळेला लागून लाकडी फळ्यांची एक खोली आहे. तिला म्हणतात सौना. "आजोबा, चला, दहा मिनिटं बसू, अंग मोकळं होईल," असा त्याचा आग्रह. माझ्या हृदयात २०१६ पासून एक स्टेंट मुक्कामाला आहे आणि रोज सकाळी रक्तदाबाची गोळी. मी "उद्या बघू" म्हणून वेळ मारून नेली, कारण डोळ्यांपुढे आमचा दादा उभा राहिला.

१९८९ साली दादा सांधेदुखीसाठी एका निसर्गोपचार केंद्रात गेला होता (नाव घेत नाही). तिथे वाफेची लाकडी पेटी होती, आत माणूस आणि वर फक्त डोकं. उपाशीपोटी वीस मिनिटं बसवलं. बाहेर येऊन ताडकन उभा राहिला आणि कोसळला. हनुवटीला चार टाके पडले. त्याला रक्तदाबाचा त्रास आहे हे कोणी विचारलं नव्हतं. त्यानेही सांगितलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

माधवनगरला परतल्यावर कपाटातली चरकसंहिता काढली. सूत्रस्थानातला चौदावा अध्याय घामाचा, म्हणजे स्वेदनाचा. त्यात अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे तेरा प्रकार दिलेत. त्यातला 'जेंताक' वाचून मी थक्क झालो. पाण्याजवळ, सोळा हात उंच आणि तितकीच रुंद अशी गोल मातीची खोली. भिंतीला लागून आतून कडेकडेने ओटा. मधोमध पुरुषभर उंचीची, भोकाभोकांची भट्टी. तिच्यात खैराची लाकडं जाळायची आणि धूर पूर्ण गेल्यावरच, तेल लावलेल्या माणसाला आत घ्यायचं. ही आपल्या देशातली सौनाच की! 'अश्मघन' प्रकारात तर शिळा तापवून, निखारे बाजूला करून तिच्यावर गरम पाणी शिंपडतात आणि वर पांघरूण घालून रोग्याला झोपवतात. फिनलंडचे लोकही तापल्या दगडांवर पाणी टाकतात.

पण मला जास्त भावली ती या वैद्यांची सावधगिरी. रोग्याला आत सोडताना बजावून सांगायचं की, बाबा, भोवळ आली तरी ओटा सोडू नकोस. ओट्यावरून घसरलास तर दार सापडणार नाही आणि जीव जाईल. अंग हलकं झालं की ओट्याच्या कडेकडेनेच दाराशी ये. बाहेर आल्यावर लगेच थंड पाण्याला शिवू नकोस. थोडा वेळ जाऊ दे, मग कोमट पाण्याने आंघोळ कर आणि जेव. दादाच्या केंद्रात हे एक पान भिंतीवर चिकटवलं असतं तरी पुरे होतं.

हृदयाबद्दल तर वेगळा नियमच आहे. हृदय आणि डोळे यांना शेक अगदी सौम्य द्यायचा, किंवा द्यायचाच नाही. घाम काढत असताना हृदयावर गार मोत्यांच्या माळा, ओली कमळं, थंड भांडी किंवा पाण्याने भिजलेले हात ठेवायचे. दारू प्यालेला, थकलेला, भुकेला, तहानेला, अशक्त, गरोदर, मधुमेही, अशा कितीतरी जणांना स्वेदन वर्ज्य. त्या यादीत रागावलेला आणि शोकाकुल माणूसही आहे! (गंमत म्हणजे अग्नीशिवाय घाम आणणाऱ्या दहा गोष्टींत भीती आणि राग आहेत. चाळीस वर्षं वर्गात शिकवल्यावर हे मला कोणी समजावून सांगायला नको.)

आपल्याकडे वाफ पुन्हा चर्चेत आली ती गांधीजींमुळे. २२ मार्च १९४६ ला ते उरुळी कांचनला आले, आठवडाभर राहिले आणि खेड्यातल्या गरिबांसाठी निसर्गोपचार सुरू केला. पुढे मणिभाई देसाईंनी तो आश्रम उभा केला. गांधीजींना स्वतःला रक्तदाबाचा त्रास होता. आरोग्यावरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी वाफाऱ्याची रीत दिली आहे. काथ्याची खाट, खाली उकळत्या पाण्याची भांडी आणि वरून जमिनीपर्यंत पांघरुणं. यंत्र नको, पैसा नको.

आता फिनलंड. तिथल्या सौना-परंपरेला २०२० मध्ये युनेस्कोने आपल्या यादीत घेतलं. पूर्व फिनलंडमधल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू कमी आढळले. नातवाने हाच अभ्यास मला मोबाइलवर दाखवला. मी म्हटलं, अरे, जो रोज सौनात जाऊ शकतो तो मुळात धडधाकट असणारच. शिवाय ती माणसं लहानपणापासून सरावलेली, आणि त्यांची हवा कोरडी. आपल्या वाफेच्या खोलीत तापमान बरंच कमी, पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, म्हणून अंग थंड होत नाही. आणि त्याच फिनलंडमध्ये २०१० साली हैनोला गावी सौनात बसण्याच्या जागतिक स्पर्धेत, ११० अंशांत, एक स्पर्धक दगावला. स्पर्धा कायमची बंद झाली. घाम काढण्याची शर्यत लावायची, याला काय म्हणावं!

दादा का पडला ते माझ्या हृदयरोगतज्ज्ञांनी समजावलं. उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त तिकडे धावतं, नाडी मिनिटाला शंभराच्या वर जाते. घामाने पाणी कमी होतं. अशात एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं आणि मेंदूला अपुरं पडतं. लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आणखीच. दारू पिऊन तर बसूच नये. आणि तापल्या अंगावर एकदम गार पाणी घेतलं की रक्तवाहिन्या आवळतात, दाब उसळतो, ठोके चुकू शकतात.

मग मी बसू का, असं विचारलं. ते म्हणाले, नुकताच झटका येऊन गेलेला, विश्रांतीतही छातीत दुखणारा, महाधमनीची झडप फार अरुंद झालेला, अशांनी अजिबात नाही. तुमचं सगळं स्थिर आहे. खालच्या फळीवर, पाच-सात मिनिटं, कोणीतरी सोबत हवं. आधी पाणी प्या, उठताना सावकाश उठा. छातीत दडपण आलं, भोवळ वाटली, तर तत्क्षणी बाहेर. जपानात हृदय कमजोर असलेल्या रुग्णांना मुद्दाम ६० अंशांतच पंधरा मिनिटं बसवतात आणि नंतर अर्धा तास ब्लँकेटात गुंडाळून झोपवतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हेही त्यांनीच सांगितलं.

दिवाळीत पुण्याला जाणार आहे. नातवाला फोन करून सांगितलंय, तू वरच्या फळीवर बस, मी खाली दाराजवळ बसेन. आणि येताना ओला पंचा आण. तो म्हणाला, पंचा कशाला? म्हटलं, छातीवर ठेवायला, आपल्याकडे मोती कुठले!