वाइप : सर्व्हरवरचे जग पुसणे

अनेक जण एकाच सर्व्हरवर मिळून खेळतात त्या खेळातले सामाईक जग मोडून नवे सुरू करणे, याला वाइप म्हणतात. ‘रीसेट’ हा शब्दही चालतो. रोलबॅक वेगळा. त्यात कालच्या बॅकअपवर परत जातात आणि त्यानंतरची मेहनत जाते. वाइपमध्ये जगच जाते.

माइनक्राफ्ट या खेळात हे काम पाच मिनिटांचे आहे. अ‍ॅडमिन सर्व्हर बंद करतो, जगाच्या फोल्डरची प्रत बाजूला ठेवतो, मूळ फोल्डर काढून टाकतो आणि सर्व्हर पुन्हा सुरू करतो. फोल्डर नाही असे दिसताच सर्व्हर नवे जग रचू लागतो. ते ‘सीड’ नावाच्या आकड्यातून उगवते. आकडा तोच आणि खेळाची आवृत्तीही तीच असेल, तर डोंगर, नद्या, गुहा जागच्या जागी परत येतात. माणसांनी बांधलेले काहीच येत नाही. महाड तालुक्यातल्या पाचाडात उभे राहून रायगडाकडे पाहिले की हा फरक समजावून सांगावा लागत नाही. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गड पेटला आणि राजवाड्याची जोती तेवढी उरली. कडे मात्र तेच. खाली पाचाडात जिजाबाईंच्या वाड्याचे अवशेष आणि विहिरी आहेत, वाडा नाही.

सीडही बदलला, तर डोंगराच्या जागी समुद्र येऊ शकतो.

वाइपचे एक कारण नवी आवृत्ती. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी आलेल्या माइनक्राफ्ट १.१८ मध्ये जगाची कमाल उंची २५६ वरून ३२० ठोकळ्यांवर गेली आणि डोंगरांची घडणच बदलली. पण खेळाडू जिथे आधी फिरून आले होते तिथे जुनेच डोंगर राहिले; तिथेही नवे हवे असतील, तर वाइपच करावा लागतो. दुसरे कारण टंचाई. माइनक्राफ्टच्या ‘द एंड’ या भागातल्या एकेका जहाजावर उडण्याच्या पंखांची, म्हणजे एलिट्राची, एकच जोडी मिळते. आधी आलेले जवळपासची सगळी जहाजे लुटतात आणि नव्या पोरांना हजारो ठोकळे पायपीट करावी लागते. म्हणून पुष्कळ सर्व्हर तेवढा ‘द एंड’ पुसतात, खेळाडूंच्या गावाला हात लावत नाहीत. हा मार्ग जास्त शहाणपणाचा.

‘रस्ट’ या खेळात वाइप ठरलेला असतो. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी अपडेट येते आणि सगळ्या सर्व्हरचे नकाशे पुसले जातात. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्रीच्या आसपासची वेळ असते. शिकलेल्या वस्तूंचे ‘ब्लूप्रिंट’ मात्र राहू शकतात, त्यामुळे घर गेले तरी बंदूक बनवायची विद्या जात नाही. दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्याचे असेच असते : दिवाळी सरली की किल्ला मोडतो, पण मावळे आणि सिंहासनावरचे महाराज पुसून डब्यात जातात, पुढच्या वर्षासाठी.

काय राखायचे यावरूनच भांडणे होतात. माइनक्राफ्टमध्ये ‘एंडर चेस्ट’ नावाच्या पेटीतला माल जगाच्या नकाशात नसतो, खेळाडूच्या स्वतःच्या फाइलीत असतो. ती फाइल तशीच ठेवली, तर जुना श्रीमंत नव्या जगातही श्रीमंतच उतरतो. शिवाय त्या फाइलीत त्याची शेवटची जागाही नोंदलेली असते. काल जिथे त्याचे अंगण होते तिथे आज डोंगराचे पोट असेल, तर तो लॉगिन होताच दगडात गुदमरून मरू शकतो.

‘फायनल फॅन्टसी १४’ या खेळाने वाइपचीच कथा केली. फसलेल्या मूळ खेळाचे सर्व्हर ११ नोव्हेंबर २०१२ रोजी बंद झाले, तेव्हा खेळातल्या आकाशातून दालामुद हा चंद्र कोसळला. २७ ऑगस्ट २०१३ रोजी नवे जग उघडले आणि जुन्या खेळाडूंना त्यांची पात्रे परत मिळाली.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे ‘टू-बी-टू-टी’. डिसेंबर २०१० मध्ये सुरू झालेला हा माइनक्राफ्ट सर्व्हर कधीच पुसला गेलेला नाही. तिथे नवा खेळाडू जिथे जन्मतो तो भाग इतका खणला आणि जाळला गेला आहे, की खायला काही मिळण्याआधीच बरेच जण उपाशी मरतात.